तळ्यात तीनदा पडायची अट

मालप्याहून कारवारपर्यंत शिडाच्या होडीतून एकट्याने जायचं मी ठरवलं, तेव्हा आमच्या बंगळुरात समुद्र नाही, एवढीच अडचण मला दिसत होती. होडी मी अंगणात स्वतः बांधली होती. बायकोला वेगळीच अडचण दिसली.

"पाण्यात पडलात तर वर कोण ओढणार?"

"मीच."

"मग अलसूरच्या तळ्यात तीनदा पडा आणि कुणाचा हात न धरता वर या. नाहीतर जायचं नाही."

"एकदा."

"तीनदा."

"दोनदा. दुसऱ्यांदा डोक्यावर."

"तीनदा."

घासाघीस करून मार्केटातल्या भल्याभल्यांना मी घाम फोडला होता. ही बाई जागची हलली नाही.

एकट्याने जायचं तर प्रत्येक वस्तू दोन हव्यात, एक बिघडली की दुसरी. दोन कंदील, दोन शिट्ट्या, पाणी उपसायचे दोन पंप, दोराच्या दोन शिड्या. सगळं मी लष्करी जुना माल विकणाऱ्या एकाच दुकानातून जोडीने उचललं, कारण जोडीने घेतलं की भाव पाडता येतो. दुकानदार रडकुंडीला आला. नाटकी माणूस! त्याला मी अजून माफ केलेलं नाही.

रविवारी सकाळी होडी बैलगाडीतून तळ्यावर नेली. बायको छत्री घेऊन पायऱ्यांवर बसली. धोब्यांनी कपडे आपटायचे थांबवले.

पहिल्यांदा पडलो आणि माकडासारखा शिडीवरून वर आलो. धोब्यांनी टाळ्या वाजवल्या, मी मुजरा केला.

दुसऱ्यांदा शिडीचा दोर तुटला.

"दुसरी आहे!" मी पाण्यातून ओरडलो. पोहत पलीकडच्या बाजूला गेलो, दुसऱ्या शिडीवर पाय ठेवला. तीही तुटली. एकाच गठ्ठ्यातला, एकाच वखारीत कुजलेला दोर!

"अण्णा, बांबू देऊ?" एक धोबी म्हणाला.

"खबरदार!"

"सरी, सरी, राहिला बांबू. मग स्वल्प साबण तरी देऊ?"

मी इतका चिडलो की हसूच फुटलं, नाकातोंडात पाणी गेलं. होडीच्या कडेला लोंबकळत एका हाताने पँट काढली, तिच्या दोन्ही पायांची एकमेकांना गाठ मारली आणि ती वल्ह्याच्या खुंटीला अडकवली. त्या फासात पाऊल टाकून चड्डीवर होडीत आदळलो.

"पँट इकडे टाका, धुऊन देतो!" घाट खिदळला. बायको तोंडावर पदर धरून हसत होती, तरी दोनच झाले म्हणून दोन बोटं वर करून होती.

तिसऱ्यांदा मी आनंदाने उडी मारली आणि त्याच पँटवरून वर आलो.

"जा," ती म्हणाली. "शिड्या मात्र दोन दुकानांतून यायच्या. एक तुम्ही आणा, एक मी आणते."

मी तासभर घासाघीस करून एक आणली. तिने दुसऱ्या दुकानात जाऊन, दुकानदाराने सांगितलेल्या किमतीला, एक शब्दही न बोलता, दुसरी उचलली. मालप्याला होडी पाण्यात लोटताना तिची ती पूर्ण किमतीची शिडी पाहून माझं पित्त खवळलं, आणि शीड वाऱ्याने फुगलं तसा मी एकटाच मोठमोठ्याने हसत सुटलो.