आरशामागची ऊब

मी माझ्या आयुष्यातलं सगळ्यात चांगलं काम मित्राच्या नावावर टाकलं. तेही त्याच्याच पासवर्डने, त्याच्या खात्यात शिरून, दोनदा तपासून. मूर्खपणा करायचा तर त्यात कसर ठेवू नये, असा माझा स्वभाव आहे.

काम होतं एका अवाढव्य दुर्बिणीचं. ती उभी राहणार परदेशातल्या कुठल्याशा उंच डोंगरावर, पण तिच्या आरशामागचा सांगाडा आखला जात होता खालापूरला, हायवेलगतच्या आमच्या कंपनीत. गावात लोकांना वाटायचं, मी तारे बघतो. मला ध्रुवतारासुद्धा खात्रीने दाखवता येत नाही. माझं काम ‘मॉडेल’ सांभाळायचं. मॉडेल म्हणजे काचेच्या पेटीत ठेवायचं खेळणं नव्हे. कॉम्प्युटरमधलं एक जाळं असतं ते. दुर्बिणीकडून काय हवंय, ते कुठला भाग करणार, तो भाग कशाला टेकलाय, त्याची परीक्षा कशी घ्यायची, सगळं एकमेकांना बांधलेलं. आमच्या कर्जतकडच्या भाताच्या खाचरांसारखं. वरच्याने बांध फोडला तर खाली कुणाकडे पाणी तुंबेल, हे भांडण व्हायच्या आधी कळावं, एवढंच. पूर्वी प्रत्येक गटाचे कागद वेगळे असायचे आणि भांडण नंतर व्हायचं.

मी या पद्धतीचा इतका भक्त झालो की जेवणाच्या सुट्टीतही प्रवचन द्यायचो, “मॉडेलमध्ये नाही ते जगात नाही!” लोक डबा उचलून दुसऱ्या टेबलावर जायचे. मित्र तेवढा बसून राहायचा. तो मोहोपाड्याच्या कॉलनीतला. रोज चौकच्या नाक्यावर माझ्या बाईकवर मागे बसायचा आणि खालापूर येईपर्यंत माझं ऐकायचा. असा श्रोता मिळाला की माणूस आंधळा होतो.

मग त्याच्या वडिलांचं गुडघ्याचं ऑपरेशन झालं आणि तो रजेवर गेला. त्याच्याकडे आरसा हलवणाऱ्या मोटारींचा भाग होता. आमच्या प्रमुख मॅडम घेणार होत्या ती कामाची तपासणी तोंडावर आली, तसा त्याचा फोन आला.

“अरे, माझा भाग रिकामाच आहे. मॅडम सोलून काढतील मला.”

“पासवर्ड पाठव. बघतो,” मी म्हणालो. मागितला मीच.

अशा दुर्बिणीचा आरसा एकसंध नसतो. षटकोनी तुकडे शेजारी-शेजारी बसवलेले असतात आणि प्रत्येकाच्या मागे त्याला केसभर सरकवणाऱ्या मोटारी. मोटारवाल्यांनी गृहीत धरलं होतं, मोटारी रात्रभर चालू. गारवा सांभाळणाऱ्या गटाने धरलं होतं, आरसा एकदा बसला की मोटारी बंद. दोघांचंही आपापल्या घरात बरोबर, म्हणून चूक कुणालाच दिसली नव्हती. मी मॉडेलमध्ये दोन्हीकडचे धागे जोडले आणि ती दोन्ही गृहीतकं समोरासमोर आली. मोटारींची ऊब आरशापुढे चढली असती आणि तापल्या तव्यावरची हवा थरथरते तसा प्रत्येक तारा थरथरला असता. मी खुर्चीतून उठून एकटाच नाचलो. मग नोंद केली, त्याच्या नावाने. म्हटलं, भाग त्याचा आहे, घरी अडचण आहे, शोभेल त्याला. आला की सांगेलच सगळ्यांना.

तपासणीच्या बैठकीत मॅडमनी तीच नोंद पडद्यावर लावली. म्हणाल्या, “जुळणीसाठी डोंगरावर आपला एकच माणूस जाणार आहे. ज्याने हे पकडलं, तोच जाईल.”

हे काम मी घेतलं तेच मुळी ती दुर्बीण उभी राहताना एकदा डोळ्यांनी बघायची म्हणून. रजेवरून परतलेला मित्र शेजारीच होता, मी टेबलाखालून त्याचा गुडघा दाबला. बोल आता. तो उठला. “मॅडम, हे टीमचं काम आहे,” म्हणाला आणि खाली बसला. टाळ्या झाल्या. मीही वाजवल्या.

संध्याकाळी बाईकवर मी विचारलं, “सांगितलं का नाहीस?”

मागून आवाज आला, “काय सांगायचं? तूच म्हणतोस ना, मॉडेलमध्ये नाही ते जगात नाही.”

चौकला उतरला आणि रोजच्यासारखं म्हणाला, “उद्या लवकर ये रे.” मॅडमकडे जावं तर आधी दुसऱ्याचा पासवर्ड वापरल्याची कबुली द्यायला हवी, म्हणजे डोंगर राहिला बाजूला, नोकरीही गेली. रात्रभर मनातल्या मनात कबुली लिहिली आणि खोडली. सकाळी मात्र मी चौकला वेळेवर हजर.

डोंगरावर निघायच्या आधीच्या रविवारी तो पेढे घेऊन कर्जतला माझ्या घरी आला. “तिकडे ते मोटारींचं विचारणार. मला नीट कळलेलं नाही. समजावून दे ना.”

माझ्या मनात लख्ख उजाडलं. हा तिथे अडखळला की मॅडम दुसरा माणूस शोधणार, आणि दुसरा माणूस मीच. ठरवलं, सगळं उलटं शिकवायचं. अंगणात षटकोनी पेव्हर ब्लॉक आहेत, त्यांवर त्याला नेलं. माझे वडील ओट्यावर खुर्ची टाकून बघत बसले होते.

“हा एक तुकडा,” मी सुरुवात केली, आणि पहिलं खोटं सांगितलंही. पण तिसऱ्या ब्लॉकवर पोचेपर्यंत मला तो आरसा दिसायला लागला. यात उदात्त काही नाही. विषय निघाला की माझं तोंड माझं ऐकत नाही. पहिलं खोटं मीच खोडलं. खडूने मोटारी काढल्या, ऊब कुठून चढते ते ओणवा होऊन दाखवलं. तो मोबाइलवर रेकॉर्ड करत होता.

“परत सांग ना. टेंपो गेला, आवाज नाही आला.”

मी परत सांगितलं. पहिल्यापेक्षा छान.

तो गेल्यावर ओट्यावर बसून वडिलांना पहिल्यांदा सगळी हकिकत सांगितली. त्यांनी पेढा सावकाश संपवला, बोटं झटकली.

“त्याला अक्कल कमी पडली, तं तो तुज्याकडं आला,” ते म्हणाले. “तू कुनाकडं जाशील रं?”