बिनटाक्याच्या काळजातला खिसा

वाहतं रक्त नुसती मूठ आवळून किती वेळ लपवता येतं, ठाऊक आहे तुम्हाला? बिनटाक्याला ठाऊक होतं.

तो काच कापायचा. चाळीस वर्षांत अंगावर एक टाका पडला नाही, म्हणून बाजारानं त्याला हे नाव दिलेलं. काचकामात हात कापून घेणं म्हणजे नवशिकेपणा. लागलं तर चिंधी बांधायची अन् ब्रही काढायचा नाही.

साठीत काळजाचे ठोके अडखळायला लागले. डॉक्टरीणबाईंनी चित्र काढून दाखवलं. हृदयाच्या वरच्या कप्प्याला एक छोटा खिसा असतो. ठोके असे वेडेवाकडे पडले की तिथं रक्त साकळतं, गुठळी होते. ती मेंदूत गेली की माणूस आडवा. म्हणून रक्त पातळ करायची गोळी, जन्मभर.

इकडे आड, तिकडे विहीर! हात काचेत अन् रक्त पाण्यासारखं. एकदा आरशाची कड मनगटात घुसली, दोन टॉवेल भिजले. त्यानं कामावरच्या जोडीदाराला दम भरला, "बोललास तर याद राख."

"मी कशाला बोलू? फरशीच बोलतेय की," जोडीदार म्हणाला.

घरी बायकोनं मनगट धरलं. "हे काय?"

"घड्याळाचा पट्टा काचला."

"घड्याळ दोन महिने दुरुस्तीला आहे, अहो."

तिनं त्याला ओढतच डॉक्टरीणबाईंकडे नेलं. बाई म्हणाल्या, त्या खिशाच्या तोंडाला जाळीचं बूच बसवता येतं. जांघेतल्या शिरेतून नळी घालतात, छाती फाडत नाहीत. सगळं नीट झालं तर काही महिन्यांनी ही गोळी सुटेल. त्या रात्री म्हणे तो कित्येक दिवसांनी पोटभर जेवला.

बूच मिळणार होतं सरकारी योजनेतून, अन् योजनेला समिती होती. टेबलामागच्या साहेबानं विचारलं, "गोळीमुळे रक्तस्राव झाल्याची नोंद?"

बिनटाक्यानं मनगट पुढे केलं.

"व्रण जुना नाही कशावरून? टाके घातल्याचा कागद आहे?"

"साहेब, रक्त मी पुसलंय," जोडीदार म्हणाला.

"लेखी आहे?"

बाईंची चिठ्ठीही चालली नाही. त्यांनी तरी रक्त कुठं पाहिलं होतं? साहेबानं फुकटचा सल्ला दिला, "काम बदला." माशाला सांगा, झाडावर राहायला जा! अर्ज परत आला. चाळीस वर्षं जपलेली अब्रूच त्याच्या आडवी आली.

मग त्यानं आपल्या मनानंच ठरवलं, की कामाच्या दिवशी गोळी नको, सुट्टीला घेऊ. बायकोला सांगितलं नाही, बाईंना तर नाहीच. चौथ्या आठवड्यात भर दुपारी काच कापायचं हत्यार हातातून गळून पडलं. जोडीदार म्हणाला, "काय उस्ताद, म्हातारे झालात?" त्याला झणझणीत उत्तर द्यायचं होतं, तोंडातून नुसता घोगरा आवाज आला. उजवी बाजू गेली. अंगावर रक्ताचा थेंब नव्हता.

आता बायको भरवते, अर्धं ओघळतं. तिला तो काहीतरी सांगू बघतो. तिला कळत नाही, मग तो भिंतीकडे तोंड करतो. त्याला सगळं कळतं, हेच वाईट.

तुमच्या घरात कुणाला ही गोळी चालू असेल, तर तुमची शरम चुलीत घाला. रक्त आलं की त्याच दिवशी दवाखाना गाठा, नोंद झाल्याशिवाय उठू नका. अन् हात जोडतो, डॉक्टरला विचारल्याशिवाय गोळी एक दिवससुद्धा चुकवू देऊ नका.