नंदाबाईची चंची

तिकोणा पेठ गावात डॉक्टर नाही, पण त्यावाचून कुणाचं अडलं म्हणाल तर छे! नंदाबाई होती ना. तिच्या कंबरेच्या चंचीत पान-सुपारी नावालाच, बाकी सगळ्या गोळ्या. मेडिकलमधून आणलेल्या, दवाखान्यातून उरलेल्या, कुणाच्या मयत सासऱ्याच्या उशाखालच्यासुद्धा. कंबरेला लाल, गुडघ्याला पांढरी, डोक्याला पिवळी. रंग ओळखता आला की झालं, त्याला शाळा कशाला शिकायची? आणि बाई दिलदार अशी, की मागायला आलेल्याला जन्मात कधी न्हाई म्हणाली नाही.

भातलावणीला गावात पडकई असते. आज हिच्या खाचरात साऱ्याजणी, उद्या तिच्या. दिवसभर चिखलात वाकून कंबरेचे तुकडे पडतात. म्हणून सकाळीच कोऱ्या चहाबरोबर नंदाबाई एकेकीच्या हातावर लाल गोळी ठेवायची, प्रसाद ठेवावा तशी. कुणी नको म्हटलं की, "लय शानी झालीस व्हय गं?" उपाशीपोटी घेऊ नये असं डॉक्टर सांगतात म्हणे. सांगतील नाही तर काय, त्यांना कुठं लावणी करायचीय!

भागुबाई तिची जिवाभावाची. दोघी एकाच साली लग्न होऊन गावात आलेल्या. भागुबाईला कुणाचं मन मोडवायचं नाही. कामशेतच्या डॉक्टरची गुडघ्याची गोळी घ्यायची, लोणावळ्याच्या डॉक्टरची पाठीची घ्यायची, आणि मैत्रिणीला वाईट वाटेल म्हणून वर लालही. पोटात आग पडायला लागली, तर नंदाबाईनं आणखी एक पांढरी दिली. दुखणं ते दुखणंच, पोटाचं काय अन् गुडघ्याचं काय!

एक दिवस भागुबाई बांधावर टेकली, चहाच्या चोथ्यासारखं काळं ओकली आणि आडवी झाली.

लोणावळ्याच्या दवाखान्यात डॉक्टरीणबाईंनी विचारलं, "पोटात रक्तस्राव होतोय. गोळ्या कुठल्या घेत होत्या?" भागुबाईची सून अनितानं दोन पाकिटं पुढं केली.

"अजून काही?"

नंदाबाई मागंच उभी होती, चंची मुठीत धरून. सांगावं तर गावभर नाचक्की, गप बसावं तर भागी हातची जाते. तिनं चंची टेबलावर उपडी केली.

डॉक्टरीणबाईंनी पाकिटांचे तुकडे वाचले. "रंग वेगळे, नावं वेगळी, पण औषध एकाच जातीचं. सगळं एकदम, तेही उपाशीपोटी. आतून जखम होणारच. गोळी वाईट नसते हो मावशी. थोडे दिवस, जेवणानंतर आणि विचारून घ्यायची."

"इचारूनच घ्यायच्या की समद्या," नंदाबाई पुटपुटली. "मलाच इचारायच्या."

रक्त चढवलं, भागुबाई वाचली. डोळे उघडल्या उघडल्या तिनं मैत्रिणीला शोधलं. "नंदे, पाठ लय दुखती गं. दे की एक लाल."

सवयीनं नंदाबाईचा हात कंबरेला गेला आणि तसाच राहिला. तिला रडूच फुटलं.

"न्हाई देत, भागे."

भागुबाईनं तिचा हात धरला. "रुसलीस व्हय गं माज्यावर?"

 नंदाबाई तिची पाठ चोळत बसली.