दुहेरी टीप

तिला सगळे पक्कीबाई म्हणत. नाव पडलं ते तिच्या शिवणीवरून, पण स्वभावालाही ते अगदी मापात बसलं. तिने शिवलेला कपडा विरायचा, विटायचा, शेवटी त्याचं पायपुसणं व्हायचं, पण शिवण म्हणून उसवायची नाही. कापडाच्या कडा एकमेकींत दुमडायच्या आणि वरून दोन टिपा मारायच्या, हा तिचा शिरस्ता. शाळेचे गणवेश असोत, नाहीतर कारखान्यातले डगले, सगळ्यांना हीच शिवण. सकाळी मशीनला हात जोडून ती एवढंच मागायची, की देवा, माझी टीप सांभाळ.

त्याला कारण होतं. लहानपणी शाळेच्या कार्यक्रमात ती कविता म्हणायला उभी राहिली, हात वर केला आणि झग्याचा खांदा टर्रकन उसवला. सगळी शाळा हसली. कविता तिथेच राहिली. ते हसू तिच्या कानांतून कधी गेलं नाही, आणि त्याचा रागही.

आता तिची लेक मोठ्या सभागृहात एकटी गाणार होती. तिला लांब, घेरदार झगा हवा होता. कापड तिनेच निवडून आणलं होतं, हातात धरलं तर ओघळून जाईल इतकं मऊ. झगा अंगावरून नुसता पडला पाहिजे, असं तिने आईला दहादा बजावलं. पक्कीबाईने वर निमुळत्या, खाली रुंद अशा सहा कळ्या कापल्या, अगदी मन लावून. जोडताना मात्र हात सवयीनेच चालला. प्रत्येक जोडावर कडा दुमडल्या, दोन टिपा मारल्या. लेकीची शिवण चारचौघांत उसवणार नव्हती.

लेकीने झगा घातला आणि आरशासमोर एक गिरकी घेतली.

"आई, छत्री झालीय गं."

पक्कीबाईच्या अंगाचा तिळपापड झाला. एवढं पडायला हवं असेल तर खिडकीचा पडदा गुंडाळ, असं ती फाडकन बोलून गेली. लेकीने झगा काढून खुंटीला अडकवला. दुसऱ्या दिवशी खुंटीवर झगा नव्हता.

कुठे गेला हे कुणी सांगायची गरज नव्हती. पलीकडच्या गल्लीत नणंद शिवणकाम करायची. तिची शिवण म्हणजे एकच बारीक टीप आणि आत जेमतेम राखलेलं कापड. तिचे उसवलेले कपडे अधूनमधून पक्कीबाईकडे दुरुस्तीला यायचे, तेव्हा पक्कीबाई मान हलवायची आणि मनातून फुलून यायची. त्या बाईकडे माझ्या लेकीने माझा झगा नेला! चपला पायांत नीट सरकवण्याआधीच ती रस्त्यावर होती.

नणंदेच्या खोलीत लेक स्टुलावर उभी, अंगात तोच झगा. नणंद खाली बसलेली, ओठांत टाचण्या. डाव्या अंगाच्या शिवणी उसवून तिने एका टिपेने पुन्हा घातल्या होत्या, आतल्या कडा इस्त्रीने दोन्हीकडे पसरून बसवल्या होत्या. उजवं अंग अजून पक्कीबाईचं होतं.

भांडायला उघडलेलं तिचं तोंड तसंच राहिलं. डावीकडे कमरेपासून घोट्यापर्यंत चुण्या सुटत होत्या, लेकीने पाय हलवला की त्याही हलत होत्या. उजवीकडे एकेका शिवणीत जणू काठी घातली होती, आणि काठ्यांमधलं कापड ताठून बसलं होतं. कापड तेच, कात्री तीच. दोष द्यायला काहीही उरलं नव्हतं. ह्याचा तिला आणखीच संताप आला.

नणंदेने ओठांतल्या टाचण्या काढल्या. "वहिनी, कापलंय सुरेख हो. पण शिवणीत चार-चार पदर झालेत. ते वाकणार कसे?"

"मला शिकवू नका, वन्सं." मग ती लेकीकडे वळली. "उतरव तो."

लेकीने झगा दोन्ही मुठींत घट्ट धरला. आई आता झगा फाडणार, असंच तिला वाटलं. हा झगा नसेल तर मी गाणार नाही, एवढं ती कसंबसं म्हणाली, पण उतरवला.

पक्कीबाई झगा घेऊन तिथेच जमिनीवर बसली आणि ब्लेड घेऊन स्वतःची टीप उसवू लागली. टीप काही सुटेना. मेली सुटत कशी नाही, म्हणून ती त्या टिपेवर खेकसत होती, आणि ती टीप तिचीच होती. नणंदेने कापडाचं दुसरं टोक ताणून धरलं. पक्कीबाईने नको म्हटलं नाही, तिच्याकडे पाहिलंही नाही.

"खांद्यांना हात लावायचा नाही," ती शेवटी म्हणाली. "ते दुहेरीच राहतील."

"दुहेरीच हवेत. सगळा भार तिथेच येतो ना."

हे पटणंसुद्धा तिला खुपलं.

कार्यक्रमाला ती पहिल्या रांगेत बसली, दोरा ओवलेली सुई मुठीत घेऊन. वरच्या सुरावर लेकीने हात उचलला तेव्हा तिने श्वास रोखला आणि देवाचं नाव घेतलं. खांदा टिकला. घेर संथ हलत राहिला. टाळ्या झाल्या. गाणं कोणतं होतं, हे मात्र तिला सांगता आलं नसतं.

दुसऱ्या सकाळी तिने झगा उलटा करून खिडकीशी धरला आणि प्रत्येक शिवणीवरून नख ओढलं. मग दोन्ही हातांनी ताणून पाहिलं, चांगला जोर लावून. एकेरी टीप कुठेही सुटली नव्हती. हेच तिला सगळ्यात जास्त झोंबलं. एक टाका जरी सुटला असता, तरी नणंदेच्या दारात जाऊन बोलता आलं असतं.

"आई, सांग ना, कसा दिसत होता?" लेकीने विचारलं.

पक्कीबाईने गणवेशाचं जाडं कापड मशीनखाली सरकवलं, कडा दुमडल्या, आणि वर न बघता म्हणाली, "पडत होता."