बैठकीतला गॅसदिवा
पऱ्हाटी जळाल्याचा वास आला की दारात उभी असलेली आई दिसते. त्या वर्षांत कापसाला भाव नव्हता, चुलीत घालायला कापूस वेचून उरलेली पऱ्हाटी मात्र ढीगभर होती. गावात गोबरगॅसची योजना आली तेव्हा योजनेचा साहेब आमच्या अंगणात बसून गॅसची नळी कुठे न्यायची ते फक्त पुरुषांनाच विचारत होता. आई दारातून म्हणाली, "नळी चुलीपाशी आणा ना जी, धुरानं दम कोंडते." "बायाइले काय समजते त्यातलं?" म्हणत बाबांनी गॅस बैठकीतल्या दिव्याला दिला. पुढे माझं लग्न झालं आणि खोकून खोकून आई गेली. मग बाबांवर स्वतः चूल पेटवायची वेळ आली, तशी आठ दिवसांत नळी स्वयंपाकघरात पोचली. माहेरी गेले तेव्हा शेगडीचा तो निळा जाळ पाहून मला रडू फुटलं. "आता कायले रडून राह्यली? धूर तं नाई ना," बाबा म्हणाले.