गादीत शिवलेली फी

हुस्नाबीच्या डोक्यात जे चालायचं, त्याला पुढे कितीतरी वर्षांनी एका डॉक्टरीणबाईंनी नाव दिलं. एडीएचडी. लक्ष एका जागी ठरत नाही, हात आवरत नाही, तारखा ध्यानात राहत नाहीत, आणि हे फक्त लहान मुलांनाच असतं असं नाही, हे त्यांनी तिला नीट समजावून सांगितलं. पण ही गोष्ट २००६ सालची. तेव्हा दारव्ह्यात याला बेफिकिरी म्हणत आणि खुशाल तोंडावर म्हणत.

हुस्नाबीचं गादी भरायचं दुकान होतं. पुढे रुई पिंजायची मशीन, मागे राहायच्या दोन खोल्या. तिने भरलेली गादी वर्षानुवर्षं गोळा होत नसे, हे तिला नावं ठेवणारेही कबूल करत. नवरा रहमत होता तोवर पैसा त्याच्याकडे आणि काम हिच्याकडे, असं सुरळीत चाललं होतं. तो गेला आणि तीन वर्षांत दोनदा विजेचं मीटर कापलं गेलं. दोन्ही वेळा बिलाचे पैसे घरात होते, बरं का! तिसऱ्यांदा ती वेळेवर बिल भरायला म्हणून निघाली आणि आठवडी बाजारातून शेळी घेऊन परत आली. का, तर शेळीचे कान फार सुंदर होते. त्या दिवशी तिची मुलगी फिजा तिच्याशी एक शब्द बोलली नाही. हुस्नाबी मागच्या खोलीत जाऊन पोटभर रडली. आपण वाईट नाही, उधळ्याही नाही, मग पैसा हातात आला की आपल्याला होतं तरी काय, हे तिचं तिलाच कळत नव्हतं.

कापसाचे भाव पडलेले ते दिवस. मातीमोल विकण्यापेक्षा घरच्या गाद्या तरी होतील, म्हणून लोक आपल्याच कापसाची रुई करून तिच्याकडे आणत. त्यामुळे काम भरपूर होतं, मजुरी मात्र आज थोडी, उद्या थोडी अशी यायची. फिजा बारावीला होती. तिला यवतमाळच्या एका खाजगी शाळेत नर्सिंग करायचं होतं. पहिला हप्ता बारा हजार, जूनच्या तीस तारखेपर्यंत. हुस्नाबीने मनाशी पक्कं केलं, की पोरगी नर्स होईल आणि आपल्या हातामुळे तिचं वाटोळं होणार नाही.

पैसे डब्यात ठेवून पाहिले, डबा उघडला गेला. शेजारणीकडे ठेवले, तर दुसऱ्याच दिवशी गोड बोलून परत आणले. बँकेचं पुस्तक दोनदा हरवलं. मग एके दिवशी गादीची कड शिवता शिवता तिच्या हातातलं दाभण थांबलं. हे टाके उसवायचे म्हणजे चांगला अर्धा तास मोडतो. आणि कोणत्याही गोष्टीची हौस आपल्यात अर्धा तास टिकत नाही, एवढं तिला स्वतःबद्दल माहीत होतं.

तिने पाहुण्यांसाठी म्हणून एरवी गुंडाळून ठेवलेली घरची जुनी गादी घेतली. हातात पैसे आले की तेव्हा जे काही शिवत असेल, त्याच्या कापडाची चिंधी घ्यायची, तीत नोटा बांधायच्या, कडेचे पुढचे चार जुने, सैल टाके उसवून पुरचुंडी रुईत खोल सारायची आणि वरून दुहेरी धाग्याने गच्च शिवून टाकायचं. मोजायचं नाही. मोजलं की यात काय काय येईल ते डोक्यात नाचू लागतं. आठ महिने हे चाललं. मध्ये एकदा स्टीलच्या टाक्या विकणारा दारात आला तेव्हा तिने दाभण उचललंही होतं, पण सहा टाके उसवेपर्यंत तो पुढच्या गल्लीत गेला. त्या दिवशी स्वतःची पाठ थोपटून घ्यावी असं तिला वाटलं.

जूनमध्ये लाडखेडच्या नागोरावांच्या मुलीचं, दीपमालाचं लग्न होतं. आंदणात द्यायला सहा गाद्या हव्या होत्या. लग्नाच्या आदल्या दिवशी गाडी दारात येऊन उभी राहिली, ड्रायव्हर हॉर्न वाजवायला लागला. हुस्नाबीने मोजल्या तर पाचच. ती धावत आत गेली, समोर दिसली ती गादी खांद्यावर मारली आणि गाडीत टाकली. सहावी गादी अर्धवट शिवलेली, मशीनमागे पडून होती.

पाच दिवसांनी फिजाने विचारलं, "अम्मी, घरची गादी कुठं हाये?"

घाईत गाडीत टाकली ती हीच, हे हुस्नाबीच्या तेव्हा ध्यानात आलं. पण या वेळी हुस्नाबी रडली नाही. उठली, लाडखेडला गेली आणि नागोरावांना सगळं जसंच्या तसं सांगितलं. गाद्या दीपमालाबरोबर सासरी गेल्या होत्या. मुकुटबनला, म्हणजे जिल्ह्याच्या पार दुसऱ्या टोकाला!

"मी फोन करून ठेवतो," नागोराव म्हणाले. "पण व्याही कसं घेतीन, सांगता येत नाही बरं."

"कसं बी घेवो. मी जातो," हुस्नाबी म्हणाली. तीस तारखेला फिजाने थेट शाळेत यायचं ठरलं. एकोणतीसला सकाळच्या एस.टी.ने ती निघाली आणि दोन गाड्या बदलून दुपारी मुकुटबनला पोचली. दाभण तिने बरोबर घेतलं होतं.

दीपमालाचे सासरे उकंडाजी ओसरीत वाट पाहत बसले होते. गाद्यांची थप्पी बाहेर काढून ठेवलेली होती. पाहायला गल्ली गोळा झाली होती, हे सांगायला नकोच. दीपमाला दाराआड उभी होती. आंदणाच्या गादीत पैसे निघणार म्हटल्यावर नव्या सुनेच्या जिवाची काय घालमेल झाली असेल!

"कितीक पैसे हायेत, भाभी?" उकंडाजींनी विचारलं.

"मले माहीत नाही."

लोक हसले. उकंडाजी हसले नाहीत. "कमाई तुमची अन् तुम्हालेच माहीत नाही? मंग तुमची कायवरून म्हणाची? उद्या व्याही म्हणतीन, पोरीले आम्हीच देल्ले होते."

"मोजले असते तर राह्यले नसते, उकंडाभाऊ. माया हातात पैसा टिकत नाही. तुमच्या गावाले आज कळलं, आमच्या गावाले कधीचं ठाऊक हाये." चारचौघांत हे बोलताना तिचे कान तापले, पण ती थांबली नाही. "मले आकडा इचारू नका. चिंध्या इचारा."

आणि गादीला हात न लावता ती सांगत गेली. कोपऱ्याजवळची हिरव्या मखमलीची, ती डॉक्टरांच्या लोडाची. तिच्या पुढची निळ्या पट्ट्यांची, तेव्हा पाऊस येऊन रुई भिजली होती. मग तांबड्या फुलांची, ती एका बाळंतिणीच्या दुपट्याची, त्या पोराला जन्मतःच दोन दात होते. मग दोन एकसारख्या पांढऱ्या, कारण त्या आठवड्यात मशीनचा पट्टा तुटला होता आणि हाताने पिंजत आठवडाभर एकच गादी चालली होती. जिला महिन्याची तारीख आठवत नसे, तिला आठ महिन्यांतली एकेक चिंधी कापडासकट, माणसांसकट पाठ होती. तिचं सांगून झाल्यावर उकंडाजींनी सुनेलाच कड उसवायला सांगितली. आधी हिरवी निघाली. मग निळी. तांबड्या फुलांची निघाली तेव्हा गल्लीतलं हसणं पार बंद झालं होतं.

"पुरे," उकंडाजी म्हणाले. "भाभी, पैसा तुमचा. एक गादी तेवढी आमची देणं लागता."

"देतो. हे जुनी बी ठेवा, मी नवी धाडतो."

उरलेल्या पुरचुंड्या काढून त्यांनी मोजायला घेतलं तशी हुस्नाबीने त्यांना हात जोडले. मग दीपमालाला जवळ बोलावलं. "बेटा, मोजू नका. या साऱ्या पुरचुंड्या एका फडक्यात बांध, अन् माया बुरख्याच्या आत, पाठीवर शिवून टाक. गच्च. अन् हे दाभण तुयापाशीच ठेव."

"कायले, चाची? चोराची भीती वाटते काय?"

"चोराची नाही बेटा. उद्या वणीत गाडी बदलाची हाये, अन् मी एकटीच रायतो."

दीपमालाने बुरखा मांडीवर ओढून घेतला. जाड धाग्याने, खूप वेळ, ती शिवत बसली. रात्री हुस्नाबी तिथेच राहिली.

दुसऱ्या दिवशी वणीच्या स्टँडबाहेर एकजण जुनी शिलाई मशीन विकायला घेऊन उभा होता. पायाची, चालू, आणि फक्त दोन हजारांत! हुस्नाबीचे पाय जागीच रुतले. मशीन असेल तर कव्हरं घरीच होतील, कव्हरं झाली की कमाई वाढेल, कमाई वाढली की दोन हजार काय मोठे, फी थोडी मागेपुढे केली तर शाळा काय फाशी देईल? हा हिशेब तिच्या डोक्यात इतका भराभरा आणि इतका खरा होत गेला, की हात आपोआप पाठीकडे गेला. तिथे दीपमालाचे टाके होते, बोट पोचत नव्हतं आणि दाभण मुकुटबनला होतं. ती दात आवळून तिथेच उभी राहिली. यवतमाळची गाडी लागली तशी आधी चढून बसली आणि मग डोळे मिटून घेतले. मशीन खरंच चांगली होती, असं ती अजूनही सांगते.

शाळेच्या खिडकीशी फिजा उभी होती. तीन वाजत आले होते. खिडकी बंद व्हायला तासभर होता. आईला एकटी, रिकाम्या हाताने येताना पाहून पोरीचा चेहरा उतरला.

"नाही भेटले ना, अम्मी?"

"क्लार्कसायबाची कैची माग," हुस्नाबी म्हणाली आणि पाठ करून उभी राहिली.

क्लार्कने चष्म्यावरून पाहिलं, पण कात्री दिली. फिजाने एकेक टाका कापला. हिरव्या, निळ्या, फुलाफुलांच्या पुरचुंड्या खिडकीच्या फळीवर पडत गेल्या आणि त्या सोडता सोडता फिजाचे डोळे भरून आले. क्लार्कने दोनदा मोजलं. बारा हजार बाजूला काढले, पावती फाडली आणि उरलेले चौदाशे रुपये खिडकीतून पुढे सरकवले.

"हे जास्तीचे. घ्या."

हुस्नाबीने दोन्ही हात पाठीमागे बांधले.

"ते माया हातात देऊ नका, सायेब. पुढच्या हप्त्यात लिहा."

"तशी पद्धत नाही बाई आमच्याकडे."

"नसन. पण मी नाही घेत."

मागच्या रांगेत कुजबुज सुरू झाली. क्लार्कने फिजाकडे पाहिलं, आता मुलगी तरी हात पुढे करेल म्हणून. फिजाने डोळे पुसले, आईच्या शेजारी येऊन उभी राहिली आणि आपलेही हात मागे घेतले.

क्लार्कने दुसरी पावती काढली.