रुखवतातली खार

आधी कबूल करून टाकतो. खारीचे डोळे मी आखले. मला ते कोणी सांगितलं नव्हतं. उलट हात लावू नकोस म्हणून बजावलं होतं. बजावणारे होते माझे साडू, म्हणजे माझ्या बायकोच्या थोरल्या बहिणीचे यजमान, आणि त्यांच्याइतका निर्भीड माणूस अख्ख्या रोहा तालुक्यात दुसरा नाही. विहिरीत उडी घेणारे, साप धरणारे, पुढाऱ्याला तोंडावर सुनावणारे पुष्कळ सापडतील. पण चोपन्नाव्या वर्षी, पांढऱ्या झुपकेदार मिशा घेऊन, बर्गरच्या दुकानात कॉलेजच्या पोरांच्या रांगेत उभं राहून, "एक मुलांचं जेवण द्या, आणि त्यातलं खेळणं चौथ्या नंबरचं द्या," असं खणखणीत आवाजात मागणारा माणूस मला दाखवा. मग बोलू.

ज्यांना ठाऊक नाही त्यांच्यासाठी सांगतो. या दुकानांत लहान मुलांसाठी एक रंगीत खोका मिळतो. त्यात छोटा बर्गर, मूठभर बटाट्याच्या काड्या आणि नव्या आलेल्या कार्टून सिनेमातलं एक खेळणं असतं. सिनेमा बदलला की खेळणी बदलतात, आणि एका सिनेमाची पाच-सहा तरी असतात, प्रत्येकाला नंबर. रोह्यात असलं दुकान नाही. म्हणून साडू सुट्टीच्या दिवशी गाडी पकडून पनवेल गाठतात. रोह्याच्या एका केमिकल कंपनीत ते फिटर आहेत. आठवडाभर पाइप आणि व्हॉल्व्ह यांच्याशी झुंजल्यावर माणसाने घरी पडून राहावं, पण त्यांचं तसं नाही. बर्गर ते खात नाहीत. तो डब्यात भरून घरी येतो आणि माझी मेहुणी त्यातली टिक्की काढून वालाच्या आमटीत सोडते. आमटीला बरी लागते, असं दोघांचंही म्हणणं आहे. दुकानातल्या मुली आता त्यांना ओळखतात. पण एखादी नवीन असली की अडते. "काका, हे मुलांसाठी असतं," असं एकीने म्हटलं तेव्हा साडू म्हणाले, "मग मी काय झाडावरून पडलो? मी पन कोनाचा तरी मुलगाच हाय. आई हाय माझी घरी, ऐंशी वर्षांची. फोन लावून देऊ?" आणि खरोखर लावला. म्हातारीने पलीकडून "व्हय गो, माजाच हाय तो, दे त्याला काय मागतोय ते," असं सांगितलं, आणि मुलीने निमूटपणे चौथ्या नंबरचं खेळणं काढून दिलं.

गंमत म्हणजे यातला एकही सिनेमा त्यांनी पाहिलेला नाही. पाहणारही नाहीत. "पिक्चर बघितला का खेळनं तेवढंच राहतं," हे त्यांचं म्हणणं. त्यामुळे कोण नायक, कोण खलनायक याचा त्यांना पत्ता नाही आणि पर्वाही नाही. त्यांनी आपली नावं ठेवली आहेत. एक बिनमानेचा भाऊ आहे, एक रागीट ट्रॅक्टर आहे, एक कायम रजेवर गेल्यासारखी दिसणारी पांढरी अस्वलीण आहे. तीन डोळ्यांचा एक जांभळा बेडूक आहे. शेजारच्या बाईंनी एकदा सांगितलं, "अहो, हा सिनेमात फार दुष्ट दाखवलाय, सगळं शहर बुडवतो." साडूंनी बेडकाकडे पाहिलं आणि म्हणाले, "तिकडं बुडवलं आसंल. माझ्याकडं आल्यापासून एक तक्रार नाय त्याची." त्यांच्या घरच्या काचेच्या कपाटातून डिनर सेट केव्हाच हद्दपार झाला. तिथे चार फळ्यांवर ही मंडळी उभी असतात, आणि दर रविवारी त्यांची शिफ्ट बदलते. मागच्या रांगेतले पुढे, खालच्या फळीवरचे वर. कंपनीतसुद्धा एवढ्या काटेकोरपणे बदलत नसेल. मी एकदा हसलो तेव्हा त्यांनी गंभीरपणे सांगितलं, "एकच मानूस कायम मागं ठेवला का त्याचं मन मरतं. मी बघितलंय." खेळण्यांविषयीच बोलत होते की कंपनीविषयी, हे मला तेव्हा कळलं नाही. पुण्याहून एक संग्राहक गृहस्थ मुद्दाम भेटायला आले होते. त्यांनी हळहळून सांगितलं की खेळणी त्यांच्या मूळ पिशव्यांत बंद ठेवायला हवी होती. "पिशवीत ठेवायला ती काय मटकी हाय?" असं म्हणून साडूंनी त्यांना चहा पाजला आणि गाडीची वेळ सांगितली.

शिफ्टचा नियम फक्त एका खेळण्याला लागू नव्हता. ती म्हणजे खार. डोक्यावर लाल हेल्मेट, हातात शेंगदाणा, आणि चेहरा कोरा. डोळे नाहीत, तोंड नाही, नाकाच्या जागी एक गुळगुळीत खड्डा. ती कायम वरच्या फळीवर मधोमध. साडूंच्या भाषेत तिची जनरल शिफ्ट, म्हणजे कधी न बदलणारी. त्यांची मुलगी पाच वर्षांची असताना तिला चष्मा लागला. पनवेलच्या डॉक्टरकडे चष्मा घालायला ती काही केल्या तयार होईना. तेव्हा साडूंनी तिला समोरच्या बर्गरच्या दुकानात नेलं, आणि खोक्यातून ही खार निघाली. खारीने हेल्मेट घातलंय, मग तू चष्मा घाल, असा तो तह झाला. पुढे कितीतरी वर्षं ती पोरगी खारीच्या नाकावर अंगठा घासत झोपायची. घासून घासून चेहरा गेला. संग्रहाची सुरुवात ती. ही हकीकत आमच्या नात्यात सगळ्यांना पाठ आहे. मलाही होती. म्हणजे ठाऊक नव्हतं अशी सबब मला नाही.

गेल्या वैशाखात त्या मुलीचं लग्न ठरलं. ती आता पुण्याला नर्स आहे, चष्मा अजून आहे. मुलाकडचे लोक पेणचे, चांगले, जरा टापटिपीचे. लग्नात मुलीकडून रुखवत मांडतात. लाडू-चकल्यांचे मनोरे, क्रोशाचे रुमाल, तांदळाचं तुळशीवृंदावन, असलं काहीबाही टेबलावर सजवून ठेवतात आणि व्याह्यांकडच्या बायका चष्मे सारखे करून ते तपासतात. साडूंनी घरात जाहीर केलं की रुखवतात आपली सगळी खेळणी मांडायची. दोनशे अठरा. आठ दिवस त्यांच्या घरी रणकंदन चाललं. मेहुणीने माझ्या बायकोला बोलावून घेतलं, बायकोने मला.

"दादा, पाहुणे हसतील," मी म्हणालो.

"हसू दे की. रडायला मांडतोय का मी?"

"पण प्लास्टिकची खेळणी—"

"आरे, लोक रुखवतात काय मांडतात? मुलीसाठी घरात जे केलं ते. मी हे केलं. चकली मला येत नाय."

मुलगी कोपऱ्यात हसत होती. "काका, बाबांना बोलू नका," ती म्हणाली, "नायतर ते मंगलाष्टकं पन बेडकाला म्हनायला लावतील."

विषय संपला. पण माझ्या मनातला संपला नव्हता, आणि इथून माझी गोष्ट वाईट होत जाते. पेणला आमचा गणपतीचा कारखाना आहे. मुलाकडच्या घरी वर्षानुवर्षं माझ्या हातचा गणपती बसतो. त्या लोकांत माझी कलाकार म्हणून पत आहे, आणि आता त्यांच्यासमोर माझ्या नातेवाइकाची ही जत्रा मांडली जाणार होती. त्याच दिवसांत बस्त्याच्या खरेदीला आम्ही सगळे पनवेलला गेलो. साड्या बघून झाल्यावर साडू शिरस्त्याप्रमाणे दुकानात घुसले आणि काउंटरवर तिसऱ्या नंबरसाठी वाद घालू लागले. तेवढ्यात माझे एक जुने गिऱ्हाईक तिथे भेटले. त्यांनी साडूंकडे पाहून हसत विचारलं, "हे तुमच्याबरोबर आहेत का?" मी म्हणालो, "ओळखीचे आहेत." साडू माझ्यापासून चार हातांवर होते. त्यांनी मान वळवली नाही. खोका घेतला, खेळणं बघितलं, खिशात टाकलं. त्यांना ऐकू गेलं नसावं, अशी मी स्वतःची समजूत घातली, आणि ती मला लगेच पटली.

लग्नाच्या आधी पंधरा दिवस साडू खेळण्यांच्या दोन मोठ्या पिशव्या घेऊन पेणला उतरले. वाटेत कासू स्टेशनात गाडी क्रॉसिंगला थांबली तेव्हा सगळ्यांची हजेरी घेऊन झाली, म्हणाले. माझ्याकडे मऊ ब्रश असतात, बारीक कानाकोपऱ्यांतली धूळ निघते, म्हणून आणली होती. जाताना दारातून परत फिरले. "फक्त धूळ. रंगाला हात लावू नको. खारीला तर नायच."

मी दोन दिवस धूळ काढली. तिसऱ्या दिवशी खार हातात आली. आमच्या धंद्यात मूर्तीचं अंग, पितांबर, दागिने कोणीही रंगवतं, पण डोळ्यांची आखणी मी एकटा करतो. पंचवीस वर्षं माझ्यासमोर येणारा प्रत्येक कोरा चेहरा माझ्याकडून डोळे घेऊन गेला आहे. कोरा चेहरा समोर ठेवून पेणच्या माणसाला घास उतरत नाही. हे सगळं खरं असलं तरी खरं कारण ते नव्हे. खार मधोमध बसणार, व्याह्यांची नजर तिच्यावर पडणार, निदान ती तरी धड दिसावी असं मला वाटलं. ब्रश उचलला आणि पाच मिनिटांत आखून टाकली. पाणीदार टपोरे डोळे, वर बारीक भुवई, नाकावर गुलाबी ठिपका. इतकी सुंदर खार त्या सिनेमातही नसेल.

साडू न्यायला आले. त्यांनी ती उचलली, उजेडात नेली, बराच वेळ पाहत राहिले.

"हे काय?"

आणि मी, पन्नाशीला आलेला माणूस, म्हणालो, "धुतल्यावर निघाले. खाली होतेच ते. मळ बसला होता."

"व्हय?" ते म्हणाले. "आसंल." आणि रुमालात गुंडाळून तिला वेगळ्या खिशात ठेवलं.

लग्नात रुखवत मांडलं गेलं, ते साडूंनी स्वतः, कोऱ्या धोतरात, पायऱ्या पायऱ्या करून. पाहुण्यांपैकी दोघी-तिघी फुसफुसल्या. साडू टेबलाशेजारी खुर्ची टाकून बसले आणि विचारणाऱ्याला, न विचारणाऱ्यालाही, एकेकाची ओळख करून देऊ लागले. अर्ध्या तासात चकल्यांकडे कोणी फिरकेना. व्याह्यांच्या म्हाताऱ्या आत्याबाईंनी बिनमानेच्या भावाला हातात घेऊन, "आमचे हे अगदी अस्से होते," असं म्हटलं, आणि मांडवात हशा पिकला. ज्या फजितीच्या भीतीने मी पाप केलं होतं ती फजिती झालीच नाही. मग नवरी आली. हळदीच्या हातांनी तिने नेमकी मधली खार उचलली. अंगठा आपसूक नाकावर गेला. तिथे थबकला.

"बाबा, ही आपली नाय."

मी दोन पावलांवर होतो. त्या क्षणी बोलता आलं असतं.

"आपलीच हाय गो," साडू म्हणाले. "धुतली ना काकाने. मळ बसला व्हता." माझं खोटं त्यांनी माझ्यासमोर, जसंच्या तसं, स्वतःच्या मुलीला सांगितलं. माझ्याकडे पाहिलं नाही. तिने खार पुन्हा मधोमध ठेवली, पण जरा सावकाश, परक्याची वस्तू ठेवावी तशी.

त्यानंतर महिनाभर मी रोह्याला गेलो नाही. कारखान्यात आखणीला बसलो की ब्रश खाली ठेवून उठायचो. शेवटी एका रविवारी त्यांना फोन केला आणि म्हणालो, "दादा, पनवेलला जायचं का? मी पेणला गाडीत चढतो." गाडीत आम्ही पावसाविषयी बोललो. दुकानात मी त्यांच्या पुढे झालो आणि म्हणालो, "दोन मुलांची जेवणं." मुलीने विचारलं, "मुलं कुठायत?" मी म्हणालो, "ही काय, दोघंही समोर उभी आहेत." साडूंच्या मिशा किंचित हलल्या.

टेबलावर बसल्यावर मी म्हणालो, "दादा, खारीचे डोळे धुऊन निघाले नाहीत. मी आखले."

ते बटाट्याची काडी बारकाईने पाहत होते. "बावीस वर्षं तुझ्याकडचा गनपती बसवतो मी घरात," ते म्हणाले. "आरती करताना समोर कोन आसतं? तुझ्या हातचे डोळे मला कळनार नायत व्हय?"

"मग बोलला का नाहीत?"

"तू बोलशील म्हनून थांबलो." काडी त्यांनी माझ्याकडे सरकवली. "आनि आता कशाला तोंड पाडतो? पोरीने नेली ती पुण्याला. चार दिवसांपूर्वी फोटो धाडला. नाकाचा ठिपका गेला, डावा डोळा पन निम्मा गेला. तुझा रंग प्लास्टिकला टिकत नाय. तिचा अंगठा टिकतो." आणि खोका उघडून खेळणं काढलं. नंबर दोन. त्यांच्याकडे होतंच ते. माझ्या खोक्यातही तेच निघालं. त्यांनी दोन्ही शेजारी शेजारी उभी केली.

मला वाटलं, झालं, सुटलो. उठणारही होतो. पण समोर तीच जागा होती, तोच काउंटर, आणि चार हातांचं तेच अंतर. मी पुन्हा बसलो.

"दादा, बस्त्याच्या दिवशी इथे एकाने मला विचारलं होतं, हे तुमच्याबरोबर आहेत का म्हणून."

दोन्ही खेळण्यांची तोंडं त्यांनी एकमेकांकडे वळवली, आणि मला कळलं की त्यांनी ऐकलं होतं.

"मी ओळखीचे आहेत म्हणालो," मी म्हणालो. "माझे साडू आहेत, असं म्हणायला पाहिजे होतं. मला तुमची लाज वाटली होती, दादा. चुकलं माझं. माफ करा."